कागदी बैलांचा पोळा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जू वाहून तिथली कातडी राठ झालेली असते. कुठे याला खांदेमळणी म्हणतात, कुठे खांद शेकणं. दुसऱ्या दिवशी जू नाही, औत नाही. शिंगांना बेगड आणि तोंडात पुरणपोळी. खांदा दमतो आणि दमलेल्या खांद्याला सुट्टी द्यावी लागते, एवढं शहाणपण इथल्या शेतकऱ्याला कोणी तक्ते काढून शिकवावं लागलं नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलला ते यायला बराच काळ जावा लागला. तिथेही भानगड खांद्याचीच. आणि गंमत म्हणजे तिथेही जागेला नाव बैलांचंच: बुलपेन, म्हणजे बैल कोंडायचं आवार. मैदानाच्या कडेला कुंपण घातलेली एक जागा असते. तिथे सात-आठ धिप्पाड माणसं बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चावत असतात. हे राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. मुख्य पिचर दमला की यांच्यातल्या एकाला बोलावणं येतं. तोवर बसणं, थुंकणं आणि पुन्हा बसणं.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी एक खुलासा इथेच केलेला बरा. आपल्याकडे बोलर दमला की कॅप्टन त्याला फाइन लेगला पाठवतो. तिथे तो पाणी पितो, प्रेक्षकांना सह्या देतो आणि तासाभराने ताजातवाना होऊन पुन्हा चेंडू मागतो. बेसबॉलमध्ये ही सोय नाही. पिचरला एकदा सामन्यातून काढला की त्या दिवसापुरता तो संपला, परत आणता येत नाही. दुसऱ्या टोकाकडून टाकणाराही कोणी नसतो. म्हणजे मॅनेजरपुढे रोज एकच प्रश्न: काढू की राहू दे? लवकर काढला तर चांगला माल वाया, उशिरा काढला तर सामना वाया. लग्नघरात कोठीच्या खोलीची किल्ली ज्या मामांच्या कमरेला असते, त्यांची आणि बेसबॉलच्या मॅनेजरची काळजी एकाच जातीची. पहिल्या पंगतीला जिलबी सढळ हाताने वाढली तर तिसऱ्या पंगतीला काय दाखवायचं?

इथपर्यंत ठीक आहे. खऱ्या माणसांच्या खऱ्या खांद्यांची काळजी आहे, आणि त्यासाठी मॅनेजरला पगारही मिळतो. पण जगात असेही लोक आहेत, जे हीच काळजी पुठ्ठ्याच्या कार्डांसाठी करतात. रात्री एक वाजता, डोळे तांबारलेले, सकाळी ऑफिस, आणि तोंडात वाक्य: ‘नको, याने काल दोन इनिंग टाकल्यात, आज याला विश्रांती देऊ.’

आपल्याकडे असल्या खेळाचा मूळपुरुष म्हणजे पुस्तक-क्रिकेट. पुस्तक उघडायचं, पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आलं की गडी बाद. मागच्या बाकावर बसून कितीएक कसोटी मालिका अशा जिंकल्या गेल्या. गाइडं जाडजूड असल्यामुळे त्यांवर धावा भरपूर होत; परीक्षेत त्यांचा तेवढा उपयोग कोणाला झाल्याचं ऐकिवात नाही. पण या खेळात एक मोठी उणीव होती, आणि ती इतक्या वर्षांत कोणाला खुपली नाही. त्यात बोलरच नव्हता. गावसकर विरुद्ध पृष्ठ क्रमांक एवढाच सामना. जो नाही तो दमणार कसा?

अमेरिकेत मात्र ही उणीव एका अकरा वर्षांच्या मुलाला खुपली. न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेक गावच्या हॅल रिचमनने १९४८ साली फाशांचा आपला एक बेसबॉल तयार करायला घेतला. पुढे तो हिशेबशास्त्र शिकला, आणि १९६१ मध्ये त्याचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ विक्रीला आला. वडिलांचा विम्याचा व्यवसाय होता आणि मुलाने त्यात यावं अशी त्यांची इच्छा होती. तरी मुलगा पुठ्ठे कापत बसला. मराठी घरात याचा शेवट काय झाला असता ते सांगायला नको.

खेळाची युक्ती अशी. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड, आणि त्यावर त्याच्या खऱ्या हंगामातल्या कामगिरीप्रमाणे बसवलेले निकाल. तीन फासे टाकायचे. एका फाशावर एक ते तीन आलं तर निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा, चार ते सहा आलं तर पिचरच्या. म्हणजे अर्धी सत्ता बॅटरची, अर्धी पिचरची. पुस्तक-क्रिकेटमध्ये ज्याला जागाच नव्हती, तो इथे निम्म्याचा धनी झाला. आणि धनी झाला की दुखणीही आलीच. पिचरच्या कार्डावर एक आकडा असतो: हा गडी साधारण कोणत्या इनिंगपर्यंत टिकेल. त्यापुढे त्याला मार बसू लागला की तो दमला असं धरायचं. कार्डावरच्या काही निकालांशेजारी एक बारीक काळा ठिपका असतो. पिचर ताजा असताना त्या ठिपक्याला काडीचा अर्थ नसतो, बॅटर निमूट बाद होतो. पिचर दमला की त्याच ठिपक्याच्या ठिकाणी बॅटर पहिल्या बेसवर जाऊन उभा. कार्ड तेच, शाई तीच, बदललं काहीच नाही. तरी बघणाऱ्याला तो पुठ्ठा घामेजलेला दिसू लागतो.

हा ठिपका म्हणजे मोठीच करामत आहे. पण तो पिचरसाठी आहे असं समजणं हा भोळेपणा. पुठ्ठ्याला कसला थकवा! ठिपका आहे खेळणाऱ्या माणसाला आवरण्यासाठी. तो नसता तर प्रत्येकाने आपला सर्वोत्तम पिचर पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत न थांबता जुंपला असता आणि वर ‘आमचा संघ फार समतोल आहे’ असं सांगितलं असतं. थकव्याचा नियम म्हणजे कोठीच्या दाराचं कुलूप. आणि कुलूप म्हटलं की ते उघडण्याच्या युक्त्या आल्या.

सगळ्यात जुनी युक्ती बारा इनिंगच्या देवाची. कोणीतरी नवखा पोरगा हंगामाच्या अखेरीस वरच्या संघात येतो. दहा-बारा इनिंग टाकतो. बॅटरांना तो अजून कळलेला नसतो, त्यामुळे कोणी त्याला मारत नाही. पुढच्या वर्षी त्याला सगळे धू धू धुतात. पण मधल्या काळात त्याचं कार्ड छापून आलेलं असतं, आणि त्या कार्डावर तो साक्षात परमेश्वर असतो. आपसांत स्पर्धा भरवणाऱ्या टोळक्यांत हे कार्ड पटकवायला झुंबड उडते. मग टोळकी नियम करतात: खऱ्या हंगामात जेवढ्या इनिंग टाकल्या, तेवढ्याच किंवा फार तर थोड्या जास्त वापरायच्या. मग नियमाची पळवाट. मग पळवाटेवर पोटनियम. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं वर्णन लागणार नाही.

दुसरी पंचाईत खऱ्या इतिहासाने करून ठेवली आहे. नियम करणारा म्हणतो, राखीव पिचरने रोज रोज टाकता कामा नये. बरोबर. पण १९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्सच्या माइक मार्शलने एका हंगामात १०६ सामन्यांत गोलंदाजी केली, सगळी राखीव म्हणून, एकूण २०८ इनिंगांच्या वर. त्यातले सलग १३ सामने तर एकही सामना न सोडता. वर्षअखेरीस उत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. आता याचं कार्ड ज्याच्याकडे आहे, त्याला कोणत्या तोंडाने सांगणार की आज गड्याला आराम द्या?

त्याहून मागे गेलं तर हिशेबच कोलमडतो. १८८४ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स रॅडबोर्नने ७३ सामने सुरू केले आणि ७३ च्या ७३ शेवटपर्यंत टाकले. हंगामाच्या ६७८ इनिंग. आजचा दमदार पिचर हंगामात दोनशे इनिंग टाकतो तेव्हा त्याचं कौतुक होतं. सकाळी केस विंचरायला रॅडबोर्नचा हात वर जात नसे, असं सांगतात. पण हे कार्डावर छापायचं कसं? आणि १ मे १९२० रोजी बॉस्टनमध्ये लिऑन कॅडोर आणि जो ओश्गर हे दोघं समोरासमोर २६ इनिंग टाकत राहिले. दोघांपैकी एकालाही काढलं नाही. अंधार पडल्यावर १-१ बरोबरीत सामना थांबवला. हा सामना आजच्या कोणत्याही खेळात घातला तर दोन्ही कार्डं निम्म्यातच दमलेली ठरतील.

खेळणाऱ्यांची तिसरी खोड मात्र हावरटपणाच्या बरोबर उलट आहे. ती म्हणजे राखून ठेवणं. प्रत्येक मराठी घरात शोकेसमध्ये सोनेरी काठाचा एक कपबशीचा सेट असतो. तो खास पाहुण्यांसाठी. पाहुणे येतात, पण ते इतके खास नसतात. त्यांना रोजच्या कपातून चहा मिळतो. मुलांची लग्नं होतात, घराला रंग लागतो, सेट तिथेच. संघातला उत्तम राखीव पिचर, ज्याला क्लोजर म्हणतात, त्याचं पुष्कळदा हेच होतं. तो फक्त शेवटच्या इनिंगसाठी, फक्त आपण थोड्या आघाडीवर असताना. आघाडी नसेल तर तो शोकेसमध्ये.

हा दोष नवशिक्यांचा आहे असं कोणी म्हणू नये. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी टोरांटोत बाल्टिमोर ओरिओल्सचा बाद फेरीचा एकच सामना होता. हरला की हंगाम संपला, असा. त्यांच्याकडे झॅक ब्रिटन होता. त्या वर्षी आघाडी राखायला त्याला ४७ वेळा आणलं आणि ४७ ही वेळा त्याने ती राखली. सामना बरोबरीत, ज्यादा इनिंग सुरू. मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी एकामागून एक पिचर आणले, ब्रिटन सोडून. आघाडी मिळाली की त्याला आणू, हा हिशेब. अकराव्या इनिंगला उबाल्डो हिमेनेझच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासियोनने तीन धावांची होमरन ठोकली आणि खेळ आटोपला. ब्रिटन अगदी ताजा होता. हंगाम संपला तेव्हाही ताजाच.

आता ही शेवटच्या इनिंगच्या राजाची चाल रूढ कोणी केली? त्या गोष्टीतच या सगळ्या प्रकरणाचा रस भरला आहे.

टोनी ला रूसा हे कायद्याची पदवी घेतलेले मॅनेजर. ओकलंड संघात असताना त्यांच्याकडे डेनिस एकर्स्ली आला. वर्षानुवर्षं सामना सुरू करणारा पिचर, आता उतरणीला लागलेला. ला रूसांनी त्याला शेवटच्या इनिंगपुरता वापरायचं ठरवलं. थोडं काम, पण चोख. १९९० मध्ये एकर्स्लीने ४८ सामने राखले, आणि ७३ इनिंगांत फक्त चार जणांना फुकट बेस दिला. सगळ्या बेसबॉलने ही रीत उचलली. बुलपेनमध्ये हुद्दे तयार झाले: शेवटचा राजा, त्याच्या आधीचा प्रधान, मधले कारभारी, आणि सर्वांत खाली तो बिचारा, जो सामना हातचा गेल्यावर उरलेल्या इनिंग भरून काढतो. पंगत उठल्यावर उष्टी काढणारा.

संगणकवाले असल्या माणसाच्या शोधातच होते. डॉन डॅग्लो यांनी १९८७ मध्ये अर्ल वीव्हर या जुन्याजाणत्या मॅनेजरच्या मुलाखती घेऊन त्यांची विचारपद्धती एका गेममध्ये उतरवली होती. १९९१ मध्ये त्यांनी ला रूसांच्या नावाचा गेम काढला. म्हणजे ज्या डोक्यातून आधुनिक बुलपेन निघालं, ते डोकं फ्लॉपीत आलं. आता घरबसल्या कोणीही ला रूसाशी दोन हात करावेत. पिचर कधी काढायचा, कोणाचे हात कधी गरम करायला सांगायचे, सगळं त्या फ्लॉपीला पाठ.

त्यानंतर वीस वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०११ ला, टेक्सासमधल्या आर्लिंग्टनमध्ये वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. ला रूसा आता सेंट लुइस कार्डिनल्सचे मॅनेजर. आठवी इनिंग, २-२ बरोबरी. त्यांनी फोन उचलून बुलपेनला सांगितलं की झेप्चिन्स्की आणि मॉट यांचे हात गरम करा. मैदानात पन्नास हजार लोक बोंबलत होते. पलीकडच्या प्रशिक्षकाला पहिलंच नाव ऐकू आलं. ऐन वेळी मॉट तयार नाही. झेप्चिन्स्कीलाच ठेवावं लागलं आणि समोरच्या संघाच्या माइक नापोलीने दोन धावा काढून दिल्या. ला रूसांनी पुन्हा फोन केला: मॉट! पलीकडे ऐकू आलं: लिन! थोड्या वेळाने ला रूसा मैदानात जाऊन नव्या पिचरची वाट बघत उभे राहिले, तर समोरून मॉटऐवजी लान्स लिन चालत आला. त्याला त्या दिवशी विश्रांती द्यायची होती. आलेला पिचर तसाच परत पाठवता येत नाही. मग लिनकडून एका बॅटरला मुद्दाम फुकटचा बेस देववला, आणि मग मॉटला बोलावलं. सामना ४-२ ने गेला.

गेममध्ये थकवा आहे, वारा आहे, पाऊस आहे, दुखापती आहेत. पण बुलपेनच्या फोनवर नीट ऐकू न येणं? ते कोणत्याही कार्डावर नाही. ज्या माणसाच्या मेंदूची नक्कल करायला प्रोग्रामर राबले, त्याला गल्लीतल्या किराणा दुकानदाराला फोनवर ‘साबुदाणा’ सांगावा आणि त्याने साबण पाठवावा, तसा अनुभव आला. बरं, कार्डिनल्सनी पुढचे दोन्ही सामने जिंकून सिरीज घेतली आणि तीन दिवसांनी ला रूसा निवृत्त झाले.

हल्लीचे संगणकी खेळ तर फारच बारकाईत शिरले आहेत. त्यातला बराच नावाजलेला ‘आउट ऑफ द पार्क’ हा गेम मार्कुस हाइन्श या जर्मन माणसाने सुरू केला. जर्मनीत बेसबॉलला विचारतो कोण, पण हिशेबाची गोष्ट आली की जर्मन माणसाला राहवत नाही. अशा गेमांत थकव्याचे आकडे असतात, पट्ट्या असतात, हिरव्याच्या पिवळ्या आणि पिवळ्याच्या लाल होतात. हात गरम न करता पिचर आणला तर तो मार खातो. मग खेळणारा वेळ काढू लागतो: पहिल्या बेसकडे उगाच चेंडू फेक, पिचरशी गप्पा मारायला प्रशिक्षकाला पाठव. खरे मॅनेजरही हेच करत. अखेर २०१८ मध्ये मोठ्या लीगने असल्या फेऱ्यांवर सामन्याला सहाची मर्यादा घातली.

आणि बुलपेन पार रिकामं झालं तर? मग बॅटरलाच चेंडू टाकायला उभा करायचा. गेममध्ये यावर हसतात. होसे कान्सेको या धिप्पाड फलंदाजाने मे १९९३ मध्ये हौसेने एक इनिंग टाकून पाहिली. कोपर गेलं, शस्त्रक्रिया करावी लागली, हंगाम संपला. त्याच आठवड्यात झेल घेताना चेंडू त्याच्या डोक्यावर आपटून सीमेपार गेला होता आणि समोरच्याला होमरन मिळाली होती. हे कार्डावर आलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

पिचरच्या थकव्याची नोंद ठेवणारा स्वतः किती दमतो, याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. रॉबर्ट कूव्हरने ठेवली. १९६८ च्या त्याच्या कादंबरीतला हेन्री वॉ हा छप्पन्न वर्षांचा हिशेबनीस. स्वतः बनवलेल्या फाशांच्या बेसबॉल लीगमध्ये तो इतका बुडतो की ऑफिसच्या वह्यांत चुका करू लागतो. त्याचा लाडका तरुण पिचर एक निर्दोष सामना टाकतो, आणि पुढे फाशांच्या एका दुर्मीळ निकालाने डोक्याला चेंडू लागून मरतो. कागदावरचा पोरगा. हेन्री त्याच्यासाठी खरोखरचा शोक करतो.

कागदाने मैदानाकडून शिकायचं, ही इतकी वर्षं रीत होती. आता उलटं झालं आहे. आधी जुनी तऱ्हा बघा. ऑक्टोबर २००३ मध्ये बॉस्टनचे मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी निर्णायक सामन्यात पेड्रो मार्टिनेझशी बोलायला मैदानात फेरी मारली. पेड्रोचे ११५ चेंडू झाले होते. सगळं शहर ओरडत होतं, काढा त्याला. लिटलनी पेड्रोलाच विचारलं आणि त्याला राहू दिलं. आघाडी गेली, सामना गेला, लिटलची नोकरी गेली.

आणि ही नवी. ऑक्टोबर २०२० मध्ये टँपा बेचे मॅनेजर केव्हिन कॅश वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात उठले. ब्लेक स्नेलचे फक्त ७३ चेंडू झाले होते. दोन हिट दिल्या होत्या, नऊ जणांना बाद केलं होतं, संघ १-० ने पुढे होता. डॉजर्सच्या पहिल्या तीन बॅटरांना त्याने दोन-दोनदा त्रिफळा उडाल्यासारखं परत पाठवलं होतं. पण तेच बॅटर आता तिसऱ्यांदा येणार होते, आणि तिसऱ्या खेपेला पिचरला मार बसतो असं कोष्टक सांगतं. पुठ्ठ्याच्या कार्डावर स्नेल दमलेला ठरला नसता. कॅशनी त्याला काढला. पुढच्याच बॅटरने, मूकी बेट्सने, दोन बेसचा फटका मारला, डॉजर्स ३-१ ने जिंकले आणि सिरीजही त्यांची झाली.

दोन आठवड्यांनी कॅश यांना वर्षातला उत्कृष्ट मॅनेजर म्हणून पुरस्कार जाहीर झाला. त्याची मतं बाद फेरीआधीच घेतलेली होती. आणि डिसेंबरात टँपा बेने ब्लेक स्नेललाच सॅन डिएगोला देऊन टाकलं.